पाठीमागून आलेली हाळी

काकांची हाळी सिनेमात होती, हे आमच्या घरात सिद्ध झालं तेव्हा काका नव्हते.

वाडीत एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं. प्रसंग रापणीचा. रापण म्हणजे दोन्ही टोकांचे दोर धरून साऱ्या वाडीने किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं. सगळ्यांचा जोर एकदम लागावा म्हणून एकजण हाळी देतो. आमच्याकडे ती काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, द्यायचे; शूटिंगलाही त्यांनीच दिली. सिनेमा लागला तेव्हा ते मुंबईला पाहुण्यांकडे होते. थिएटरात पाहून आले.

“दादा, माझी हाळी आसा त्यात! अगदी माझ्या पाठसून इली.”

पुढे सीडी आली. आमच्या टीव्हीला एकच स्पीकर. ओटीवर माणसं दाटीवाटीने बसली. रापणीच्या प्रसंगात लाटा ऐकू आल्या, नायिकेचं बोलणं ऐकू आलं, हाळी नाही.

“तुझ्या पाठसून कोणतरी प्रेक्षक बोंबललो आसतलो रे!” वडील म्हणाले आणि ओटी हसली.

मग रापणीवर कोणीही विचारी, “काय रे, आज फुडसून काय पाठसून?” काका आधी भांडायचे. नंतर त्यांनी हाळी देणंच सोडलं. दोर धरून मुकाट ओढायचे. दोन हजार पाचमध्ये गेले.

मी कचेरीत हिशेब तपासणारा माणूस. त्यानंतर दोनेक वर्षांनी मला जुन्या सिनेमांचा आवाज संगणकावर उलगडून पाच स्पीकरांच्या डिस्क करायचा नाद लागला. स्टिरिओच्या डाव्या-उजव्या दोन वाटांत थिएटरातला मागचा आवाजही दडवलेला असतो: एका वाटेत सुलटा, दुसरीत उलटा. एकीतून दुसरी वजा केली की दोन्हीकडे सारखे असलेले संवाद जातात आणि मागचा आवाज उरतो. एका स्पीकरवर मात्र दोन्ही वाटांची बेरीज होते, आणि नेमका मागचा आवाजच शून्य होतो.

वाडीचा सिनेमा म्हणून मी तोही केला. वजाबाकीनंतर लाटा उरल्या आणि त्यांच्यावरून काकांची हाळी आली. मी तीनदा तपासली.

वडिलांना बसवून ऐकवली. त्यांनी मान वळवून मागच्या स्पीकरकडे पाहिलं.

“परत लाव.”

परत लावली.

“तोच तो,” ते म्हणाले. पायात चपला सरकवून स्वतःच काकीला आणायला गेले. काका गेल्यापासून त्या घराची पायरी ते क्वचितच चढले होते.

काकी पदर सावरून बसली. हाळी आली आणि संपली. जेमतेम दोन श्वासांची.

“इतकीच?” ती मला म्हणाली. “हेच्यासाठी तो सगळ्यांशी भांडलो रे झिला?”

वडील खाली बघत होते.

“जरा वाढव रे आवाज,” ते म्हणाले.

मी वाढवला. हाळीबरोबर सीडीची खरखरही तितकीच वाढली. त्यांनी आणखी वाढवायला सांगितलं.