एका कॉम्प्युटरवर दोन चुली

"भिया, त्याच्या बाजूला छेडायचं नाही हं," असं म्हणत काका कॉम्प्युटरवरचं प्लास्टिकचं कव्हर काढायचे, त्याची नीट घडी घालायचे आणि मग मला खुर्ची द्यायचे. 'भिया' म्हणजे मी, तिकडच्या बोलीत भाऊ. 'तो' म्हणजे त्यांचा मुलगा. नोकरीला बंगलोरला गेलेला.

मी तेव्हा माळव्यात, देवासला घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायचो. काका कारखान्यातून रिटायर झालेले, काकू जाऊन काही वर्षं झालेली. घरात माणूस एक आणि मांडणीवर भांडी तिघांची. तुमच्याही गल्लीत असे कोणी असतील. आपण 'काय काका, बरंय ना' म्हणतो आणि उत्तराला थांबत नाही.

मुलगा जाताना सांगून गेला होता, "बाबा, माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नका." झालं! बापाने मुलाची आज्ञा पाळावी तर अशी. काका नुसती धूळ पुसत राहिले. मग कुठल्याशा मासिकाबरोबर लिनक्सची फुकट सीडी आली. विंडोजच्या शेजारी ही दुसरी सिस्टिमही एकाच कॉम्प्युटरवर नांदते, असं त्यात लिहिलं होतं. काका मला शोधत आले.

"एका घरात दोन चुली मांडून दे. त्याची विंडोज त्याच्यापाशी, माझं लिनक्स माझ्यापाशी. झगडाच नाही."

"अहो, त्याचीच वापरा की. काही बिघडत नाही."

"तो नाही म्हणालाय ना!"

डिस्कचे दोन भाग करताना वीज गेली तर मुलाचं सगळं जाईल, असं मी बोलून गेलो आणि पस्तावलो. तेव्हा आमच्याकडे वीज कधीही जायची. काका उठले आणि मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले. कोणी चुकून बंद करू नये म्हणून. घरात आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. वीज गेलीच तर खांबावरून जाणार, हे कारखान्यातल्या माणसाला काय ठाऊक नसेल? पण काम होईपर्यंत त्यांनी पहारा सोडला नाही. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

आता कॉम्प्युटर चालू केला की दोन नावं दिसायची, 'बाळू' आणि 'बाबा'. हवं ते निवडायचं. कोणी काहीच निवडलं नाही, तर थोड्या वेळाने वरचं नाव आपोआप उघडायचं.

"वर कोणाचं ठेवू?"

"त्याचंच. आला तर त्याला शोधायला नको."

दुसऱ्या दिवशी काका टेकरीवर जाऊन देवीला नारळ फोडून आले. मग रोज लिनक्सवर पत्ते खेळायचे आणि हरले की मला फोन करायचे. "भिया, तुझ्या लिनक्सने आज फिर हरवलं." फोनचं खरं कारण ते नव्हतं, हे मला कळायचं.

दिवाळीत मुलगा आला. काकांनी त्याची बाजू आधीच उघडून ठेवली आणि ते त्याच्यासाठी शेव आणायला गेले. मुलगा चांगला होता, खरंच चांगला. कॉम्प्युटर रखडतोय असं बघून त्याने बाबांना सोयीचं व्हावं म्हणून आपली जुनी विंडोज पुसली आणि नवी टाकली. तिच्यामुळे नावांची यादीच उडाली. अशी यादी आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

तो परत गेल्यावर काकांनी मला बोलावलं. "त्याचे गेम, कॉलेजचे फोटो, सगळं गेलं भिया. त्यानेच काढलं."

"त्याला सांगितलं नाहीत?"

"माझ्यासाठीच केलं ना त्याने. क्या बोलूं?"

त्यांची स्वतःची बाजू डिस्कवर शाबूत होती, फक्त तिकडे जायची वाट बुजली होती. ती मी मोकळी करून देतो म्हणालो.

"नावं दोन्ही दिसू देत. त्याचं वर."

"त्यात आता त्याचं काही नाही, काका."

"नसू दे. नाव असू दे."

त्यानंतर कितीतरी दिवस ते पत्त्यांत हरत राहिले आणि मला फोन येत राहिले. मग फोन थांबले. मला कळलं तोवर काका जाऊन त्यांचे दिवसही झाले होते.

मुलाने घर आवरायला काढलं आणि कॉम्प्युटर रिकामा करून द्या म्हणून मला बोलावलं. मी चालू केला. पडद्यावर दोन नावं आली.

"माझं नाव कशाला यात?"

मी सांगितलं. काकांना तुमच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नव्हता, म्हणून.

"मी असं म्हणालो होतो?"

त्याने खालच्या 'बाबा' या नावाकडे बघत कीबोर्डवर हात नेला आणि तसाच मागे घेतला. प्लास्टिकच्या कव्हरची घडी मांडीवर धरून तो बसून राहिला. थोड्या वेळाने त्याचंच नाव आपोआप उघडलं.