मी मंदाचं नाव घेतलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. येत नाही.

दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी मी नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगरातल्या एका गावात सातवीला शिकवत होते. नवी नोकरी, नवा उत्साह. शनिवारचा शेवटचा तास मी वाचनाचा ठेवला होता. माझ्याकडे मुलांची एक कादंबरी होती — चुलत्याच्या घरातून पळून, नदीकाठानं आत्याच्या गावी निघालेल्या मुलीची. एक प्रकरण वाचायचं, मग त्यावर बोलायचं. पण मुलं बोलतच नसत. बाईंना कुठलं उत्तर हवंय, एवढंच हुडकत बसायची. मग मीच म्हणाले, इथं चूक-बरोबर काही नाही. मनात येईल ते बोला. इथलं बाहेर जाणार नाही.

माझे शब्द. माझेच.

ती मुलगी घर सोडते ते प्रकरण झालं, आणि मी विचारलं — तुम्ही काय केलं असतं? कुणी म्हणालं, चुलत्याच्या पाया पडलो असतो. कुणी म्हणालं, भाकरी बांधून घेतली असती. मग हौसा उठली. कधी तोंड न उघडणारी हौसा.

"बाई, मी बी गेले असते. भात झोडून झाला की माझं लगीन हाय. मला न्हाई करायचं. संगमनेरला मावशी हाय माझी, तिच्याकडं जाईन."

शेजारी बसलेली मंदा — तिची जिवाची मैत्रीण — खाली बघत राहिली. मी म्हणाले, छान बोललीस. छान!

हौसाच्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्याच घरात, पडवीच्या खोलीत मी राहायची. संध्याकाळी ओट्यावर चहा घेताना ते सहज म्हणाले, "आमची हौसा बोलती का वर्गात?" धमकी नव्हती. आडून विचारणंही नव्हतं. आणि मी — हसत हसत सगळं सांगितलं. माझा वर्ग किती मोकळा आहे ते मिरवायला? की नुसती गंमत म्हणून? मावशीच्या गावासकट सांगितलं. ते हसले नाहीत. कप खाली ठेवून आत गेले. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. मी खोलीचं दार लावून घेतलं.

हौसाची शाळा सुटली. पुढं एकदा विहिरीवर गाठ पडली, तेव्हा तिनं विचारलं, "बाई, दादांना कुणी सांगितलं? ते नाव सांगंनात." माझ्यावर संशयसुद्धा नव्हता तिचा. तिथं खरं सांगता आलं असतं. नाही का? मी म्हणाले, "मंदाच्या पोटात काही राहतं का?"

भात झोडून झाल्यावर लग्न झालं. मंदा हळद लावायला आली, तर हौसानं तोंड फिरवलं. मंदा हळदीची बोटं तशीच धरून उभी होती. मी बघत होते. वर्षभरानं माझी बदली झाली.

पुष्कळ वर्षांनी अकोल्याच्या एसटी स्टँडवर मंदा भेटली. पायाच पडली. म्हणाली, "हौसा गेली, बाई. काविळीनं. शेवटपातूर बोलली न्हाई माझ्याशी. माझं काय चुकलं हुतं, ते बी सांगितलं न्हाई."

मी म्हणाले, "असतो एकेकाचा स्वभाव."

तेवढ्यात नगरची गाडी लागली. गर्दी झाली. मंदा पुढं धावली, खिडकीतून रुमाल टाकून तिनं माझ्यासाठी जागा धरली, माझी पिशवी वर दिली. मी त्या जागेवर बसले.