आत्याची लिपस्टिक

आत्या आमच्या चाळीत यायची ती ओठांना गडद लाल लिपस्टिक लावून. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, केस कानापर्यंत कापलेले आणि वर ही लिपस्टिक. आंबिवलीच्या आमच्या गल्लीतल्या बायकांना रविवारभर तेवढा विषय पुरायचा. ती लष्करात नर्सिंग ऑफिसर होती. मेजर होऊन निवृत्त झाली आणि ठाण्यात वर्तकनगरला फ्लॅट घेऊन एकटी राहू लागली. "सुया टोचायला एवढ्या लांब कशाला जायचं, इथे काय माणसं आजारी पडत नाहीत?" असं आमचेच नातेवाईक म्हणायचे. पप्पा तिचे धाकटे भाऊ. तोंडावर तिला ताई म्हणायचे आणि पाठीमागे, छाती फुगवून, मेजर.

मला ती फारशी आवडायची नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या पलंगावरची चादर ओढून सरळ करायची. ताटात चार शितं राहिली की नुसती बघायची. आणि काही म्हणजे काही विसरायची नाही. मी सातवीत असताना तिच्याकडून नेलेली छत्री तिने मला बारावीत मागितली.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. रविवारची दुपार, आत्या जेवायला आलेली. मी कोपऱ्यावर दही आणायला गेले आणि मागे चाळीतली सिमेंटची पाण्याची टाकी खांबासकट कोसळली. धावत आले तर सगळीकडे पाणी आणि विटा, आणि लोक पप्पांना उचलून टेम्पोत ठेवत होते. त्यांच्या उजव्या पायाकडे मी एकदाच पाहिलं. मांडीला माझीच ओढणी बांधलेली होती, तिच्यात आमचं पोळ्यांचं लाटणं घालून पीळ दिलेला. शेजारचे काका ते लाटणं दोन्ही हातांनी धरून बसले होते. "काही झालं तरी सोडायचं नाही!" आत्या त्यांच्यावर ओरडली आणि लगेच पाठ फिरवून ढिगाऱ्याकडे गेली. तिथे एक म्हातारी पडलेली होती, तोंडातून आवाज नाही. सख्खा भाऊ इथे कण्हतोय आणि ही बाई परक्या म्हातारीकडे चालली! मी थक्क झाले, मग संतापले. तिच्याशी एक शब्द न बोलता टेम्पोत चढले.

पप्पांचे डोळे मिटलेले होते. कपाळावर लाल काहीतरी फासलेलं, घामाने ओघळलेलं. आमचं घर बौद्ध. शेजारच्या काकू मनाने सोनं, पण कुणी आजारी पडलं की देवीचं कुंकू घेऊन हजर व्हायच्या. पप्पा दर वेळी हात जोडायचे, "वहिनी, चहा द्या, कुंकू नको. मेलो तरी माझ्या कपाळाला काही लावायचं नाही." त्या दिवशी काकू टेम्पोपाशी रडत उभ्या होत्या. मला वाटलं, त्यांनीच संधी साधली. शहाडच्या पुलावर टेम्पो अडकला तेव्हा मी बाटलीतल्या पाण्यात रुमाल भिजवला आणि पप्पांचं कपाळ पुसलं. ते सहजी निघेना, तेलकट होतं. मी घासून घासून काढलं. त्यात आकडे होते, ते मला दिसले का, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. दिसले नाहीत, असंच उत्तर देत आले.

कल्याणच्या हॉस्पिटलने ठाण्याला न्यायला सांगितलं. ठाण्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "हे बांधलं किती वाजता?" काका म्हणाले, तासभर झाला असेल. मी म्हणाले दीड. टेम्पोवाला म्हणाला, दोन तास तरी झाले. डॉक्टरांनी आमच्याकडे एकदा पाहिलं, "रक्त किती वेळ अडलंय तेच नक्की नाही, पाय वाचवायला गेलो तर जीव जाईल," म्हणाले आणि पाय कापायच्या कागदावर माझी सही घेतली.

आत्या पोचली तेव्हा पप्पा आत होते. म्हातारी वाचली, एवढं तिने सांगितलं. डॉक्टर बाहेर येऊन तिला म्हणाले, "मॅडम, तुम्ही बांधलंत म्हणून जीव वाचला. पण तुम्ही मिलिटरीतल्या, वेळ कशी नाही लिहिलीत? निदान पाय वाचवायचा प्रयत्न केला असता."

"लिहिली..." आत्या म्हणाली आणि थांबली. माझ्या हातातल्या रुमालावर तिची नजर गेली. मीही रुमालाकडे पाहिलं, मग तिच्या ओठांकडे. लाल तोच होता.

"लिहायची विसरले," आत्या म्हणाली.

पाय चेंगरलेला होता, कदाचित तसाही गेला असता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. त्या 'कदाचित'वर मी अठरा वर्षं काढली. पप्पांनी कृत्रिम पाय लावला, कामावर जायला लागले आणि चारचौघांत आत्याला चिडवायला लागले, "काय मेजर, आज वार तरी लक्षात आहे ना?" सगळे हसायचे, आत्याही हसायची. मी ताट उचलून मोरीकडे जायचे. पुढे ती विहारात मुलींना प्रथमोपचार शिकवू लागली. "पर्समध्ये लिपस्टिक ठेवा. रक्ताघामावर पेन चालत नाही. कपाळावर वेळ लिहा, आणि सोबतच्याला सांगा की पुसू नको. हे सांगायचं राहतं." एका मुलीची आई पटकन म्हणाली, "पण ऐन वेळी तुम्हीच विसरलेलात ना?" मी तिसऱ्या रांगेत बसले होते. "हो," आत्या म्हणाली, "म्हणून तर शिकवते." मी मान खाली घालून बसून राहिले. माझ्याइतकं भित्रं माणूस आमच्या खानदानात दुसरं नसेल.

यंदा आत्या गेली. विहारात तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला एक बाई उभी राहून म्हणाली, "त्यांच्याकडे शिकले म्हणून माझा नवरा जिवंत आहे." मला बसवेना. पप्पा विहाराच्या पायरीवर पायाचा पट्टा घट्ट करत होते. मी शेजारी बसले आणि एका दमात बोलले, "पप्पा, आत्या विसरली नव्हती. तिने लिहिलेलं. मी पुसलं."

पप्पांनी मान वर केली नाही. "माहितीये. गार रुमाल होता. बरं वाटलेलं तेव्हा."

म्हणजे टेम्पोत ते शुद्धीत होते.

"मीच ताईला म्हटलेलं, पोरीला काही बोलू नको. तर ती म्हणाली, मी तर विसरले सांगून मोकळी झाले. आता तू मला सगळ्यांसमोर चिडवत जा, म्हणजे दुसरं कोणी चौकशी करणार नाही."

"मग मला का नाही सांगितलंत कधी?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ती सांगू देत नव्हती. पोर आपणहून बोलेल, म्हणायची." पप्पांनी पट्टा सोडून परत बांधला. "दर रविवारी निघताना दारात मला विचारायची, 'बोलली का रे ती?'"

"शेवटचं कधी विचारलं?"

"गेली त्याच्या आधीच्या रविवारी. मी म्हटलं, नाही अजून. तर म्हणाली, बोलेल."