फिनेलबाईंचं तळं

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी माझी कपडे वाळत घालायची दोरी मला न विचारता सोडली, तिथून ही सगळी भानगड सुरू झाली. मी बादलीभर ओल्या चादरी घेऊन मागच्या दाराने बाहेर आले, तर दोरी नीट गुंडाळून खिळ्याला लावलेली आणि तिच्या जागी जाऊबाई बाह्या वर करून कुदळ चालवतायत.

"ताई, हे काय चाललंय?"

"तळं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "टोपीवाल्याला आणायचंय."

मी बादली तिथेच आपटली. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. अंगण दोघींचं, भिंतीला भिंत लागून दोन घरं, दोन सख्खे भाऊ आणि आम्ही दोघी जावा. निदान एका शब्दाने विचारायचं की नाही? पण टोपीवाल्याचं नाव ऐकलं आणि माझं तोंड बंद झालं. ते सहसा होत नाही.

जाऊबाई आमच्या गल्लीच्या टोकाला जे रुग्णालय आहे, तिथे सफाई विभागाच्या प्रमुख. सगळे त्यांना फिनेलबाई म्हणतात, तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे आणि मनातून आवडतंही. त्या वॉर्डात शिरल्या की मोठे मोठे डॉक्टर बूट पुसून आत येतात. घरी तर विचारूच नका. त्यांच्या ओट्यावर बसायला माशीसुद्धा दोनदा विचार करत असेल. माझ्याकडे आल्या की बसण्याआधी खुर्चीकडे एक नजर टाकतात. मला ते अस्सं झोंबतं! मी शिवणकाम करणारी बाई, माझ्या घरात चिंध्या आणि दोरे असणारच.

आणि भाऊजी, म्हणजे त्यांचे यजमान, बसचे कंडक्टर होते. बोलायला लागले की समोरच्याला श्वास घ्यायला उसंत नाही. "पुढे सरका, पुढे सरका" हे त्यांच्या जिभेवर इतकं बसलेलं की लग्नकार्यात जेवायच्या रांगेतसुद्धा म्हणायचे. अशा माणसाला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. जाऊबाईंच्याच रुग्णालयात ठेवलं. व्यायाम शिकवणारी ताई रोज यायची, हातापायाला धरून उठवू बघायची, पण भाऊजी हट्टाने डोळे मिटून पडून राहायचे. जाऊबाई रागावल्या, रडल्या, गोड बोलल्या. ढिम्म हलले नाहीत.

एके दिवशी त्या ताईने त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून रुग्णालयाच्या मधल्या चौकात नेलं. तिथे एक जुना हौद होता, त्यात कोई जातीचे मासे. सगळ्यात थोर होता टोपीवाला, अंग पांढरंशुभ्र आणि डोक्यावर बरोबर मधोमध नारिंगी टोपी. भाऊजींना बघून सगळे मासे खायला मिळेल म्हणून काठाशी आले, तोंडं उघडून एकमेकांवर चढायला लागले. आणि भाऊजी म्हणाले, "पुढे सरका."

स्पष्ट. खणखणीत. जाऊबाईंच्या हातातला पोछा खाली पडला. ती ताई आधी हसली आणि मग तिचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून भाऊजी वॉकर धरून वॉर्डापासून हौदापर्यंत जायला लागले, घरी आल्यावरही रोज हौदासाठी तेवढे हट्टाने निघायचे. मग कळलं की चौक सपाट करून तिथे गाड्या लावायची सोय होणार आहे. हौदाभोवती पत्रे लागले, भाऊजींचं जाणं बंद झालं आणि ते पुन्हा खुर्चीत बसले ते भिंतीकडे तोंड करून. व्यायामाच्या ताईने जाऊबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, आत्ता चालले नाहीत तर हा पाय असाच राहील. मासे कोणाला द्यायचे म्हणून रुग्णालयाच्या साहेबांनी विचारलं, तर त्यांचं वाक्य संपायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "मी नेते."

घरात बादलीपलीकडे पाण्याचा साठा नाही आणि ही बाई म्हणते मी नेते!

तर खणणं सुरू झालं. ड्यूटीवरून यायच्या, चहाचा घोट घ्यायच्या की कुदळ हातात. वरची माती भुसभुशीत होती, खाली निघाले दगड. पहारीने एकेक दगड उचकटायच्या, घमेल्यात टाकायच्या, माझ्या दारासमोरून वाहून न्यायच्या. आमचे हे पायरीवर बसून सल्ले द्यायचे.

"वहिनी, डाव्या बाजूला जरा जास्त गेलं बघा."

"तुमचा कप रिकामा झालाय, तो ठेवून इकडे या आणि उजव्या बाजूला तेवढंच खणा," जाऊबाई म्हणाल्या. तेव्हापासून आमचे हे पायरीवर दिसले नाहीत.

रुग्णालयाचे माळीबुवा हौदही सांभाळायचे. ते येऊन बघून गेले. कंबरेइतकं खोल हवं म्हणाले, म्हणजे उन्हात पाणी तापत नाही आणि मांजराचा पंजा पोचत नाही. खाली जुन्या गोधड्या घाला, वर जाड रबराचा कागद. गोधड्या माझ्या गेल्या, हे सांगायला नको. रबर अंथरताना जाऊबाई ते कोपऱ्यात कसंही कोंबायला लागल्या, तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"सरका तिकडे! चुण्या घालणं हा माझा धंदा आहे," मी म्हटलं आणि खड्ड्यात उतरले. गोलाईवर एकसारख्या चुण्या घातल्या, एकही घडी वर आली नाही. माझी दोरी सोडल्याचा राग त्या खड्ड्यातच कुठेतरी राहिला.

पाणी भरलं. एका बाजूला काठोकाठ आलं आणि समोरच्या बाजूला हातभर रबर उघडं. आम्ही सगळं नुसत्या नजरेने खणलं होतं, पातळी बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मला हसू आवरेना. जाऊबाई हसल्या नाहीत. त्यांनी बादलीने ते सगळं तळं उपसलं, रबर गुंडाळलं, काठ खरवडून सारखा केला आणि दुसऱ्यांदा भरलं. मी चुण्या दुसऱ्यांदा घातल्या, बडबडत का होईना.

मग गाळणी. प्लास्टिकचा पिंप, त्यात स्पंजाचे जाड तुकडे, पंपाने तळ्यातलं पाणी त्यातून जाऊन परत तळ्यात पडायचं. नळाचं पाणी आधी पिंपांत उघडं ठेवायचं, त्यातलं औषध उडून गेलं की मगच घालायचं. माळीबुवांनी स्पंजाकडे बोट दाखवून बजावलं, "बाई, पाणी मुरायला हवं. याच्यावर बुळबुळ धरली की समजा तळं जगलं. माशांची घाण ती बुळबुळच खाते. तिला हात लावू नका."

बुळबुळ हा शब्द ऐकताना जाऊबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. बरं म्हणाल्या, पण ते बरं त्यांच्या गळ्याखाली उतरलं नव्हतं.

टोपीवाला आला तो रुग्णालयाच्या कपड्यांच्या ढकलगाडीवरून. मोठ्या जाड पिशवीत तो, त्याच्यामागे मागे फिरणारे दोन काळे मासे आणि हौदाचं पाणी. गाडी जाऊबाई ढकलतायत, पिशवी मी धरलेली, आणि गल्लीतले लोक खिडक्यांतून विचारतायत की कोणाचं काय झालं. "सोयरे आलेत," मी सांगून टाकलं.

भाऊजींची खुर्ची मागच्या दारात आणली. पहिल्या दिवशी नुसते बघत बसले. दुसऱ्या दिवशी वॉकर मागितला, खुणेने. दारापासून तळ्यापर्यंत आले, काठाशी उभे राहिले आणि टोपीवाला वर आला तेव्हा म्हणाले, "पुढे सरका." जाऊबाई वळून आत गेल्या आणि भांडी आपटायला लागल्या. रडताना आवाज येऊ नये म्हणून त्या भांडी आपटतात.

सगळं छान चाललं होतं. पण तळ्याच्या कडेने हिरवा थर धरायला लागला. गाळणीतल्या स्पंजावर तपकिरी चिकटा आला. मला काही वाटलं नाही, पण जाऊबाईंना चहा गोड लागेना. येता जाता बघायच्या, हात पाठीमागे बांधायच्या, पुन्हा बघायच्या. जिने उभा जन्म डाग पुसण्यात घालवला, तिच्या मागच्या दारी बुळबुळ!

एका दुपारी मी मशिनवर बसले असताना झणझणीत वास आला. ब्लीचचा. धावत बाहेर गेले. जाऊबाईंनी सगळे स्पंज गरम पाण्यात ब्लीच घालून धुतले होते, पिळून पुन्हा बसवले होते, तळ्याच्या भिंती ब्रशने घासल्या होत्या आणि कमी झालेलं पाणी सरळ नळाने भरलं होतं.

"बघ धाकटे, कसं लख्ख दिसतंय," त्या म्हणाल्या. कित्येक दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

सकाळी मासे वर होते. तोंडं पाण्याबाहेर, कल्ले भराभर हलतायत, टोपीवाल्याच्या पांढऱ्या अंगावर लाल रेघा. भाऊजी वॉकर घेऊन आले, बघितलं, बराच वेळ बघितलं. मग परत गेले, खुर्चीत बसले आणि डाव्या हाताने चाक फिरवून तोंड भिंतीकडे केलं.

माळीबुवांना बोलावलं. त्यांनी पाण्याचा वास घेतला आणि काही विचारायच्या आत जाऊबाई म्हणाल्या, "मी धुतलं. आजवर माझ्या धुण्याने माणसं जगलीत हो. एक माणूस मेलेला नाही."

"बाई, तो वॉर्ड, हे तळं," माळीबुवा म्हणाले. ते रागावले नाहीत. ते रागावले असते तर जाऊबाईंना बरं वाटलं असतं.

त्यांनी एका बंगल्यातल्या तळ्यातले घाणेरडे, बुळबुळीत स्पंज गोणीत घालून आणले. इतका कुबट वास की मी नाकाला फडकं बांधलं. जाऊबाईंनी ते उघड्या हातांनी एकेक करून पिंपात रचले, तान्हं मूल ठेवावं तसे. उघड्यावर ठेवून निवलेलं पाणी बादल्या बादल्यांनी वाहिलं, तळ्यातलं काढलं, नवं घातलं, रोज थोडं थोडं. तरी दोन काळ्या माशांतला एक गेला. टोपीवाला तळाशी कलंडून पडायचा आणि जाऊबाई काठावर बसून त्याला म्हणायच्या, "मरायचं नाही. समजलं? मी सांगते म्हणून मरायचं नाही." वॉर्डातल्या पोरींना दम द्यायच्या त्याच आवाजात.

टोपीवाला सरळ झाला. रेघा गेल्या, खायला वर यायला लागला. पण भाऊजी खुर्चीतून उठेनात. फार फार तर खुर्ची दाराकडे वळवायचे आणि तिथूनच जाऊबाईंवर नजर ठेवायचे, संशयाने. व्यायामाच्या ताईने पुन्हा तोच पाढा वाचला. जाऊबाईंची भूक गेली. एवढा खड्डा खणणारी बाई, पण खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला कुदळीने उचकटता येत नाही ना!

मग ती सकाळ. काठावरच्या दगडांवर शेवाळ आलं होतं, मी त्यावरून घसरून पडता पडता वाचले आणि आरडाओरडा केला. जाऊबाई ब्रश घेऊन आल्या. नुसते दगड घासायला, बाकी कशाला नाही, असं म्हणतच आल्या, मी स्वतः ऐकलंय. त्या काठाशी वाकल्या आणि मागे दारात खुर्ची खडखडली.

भाऊजी उभे होते. वॉकर न घेता. उजवा पाय फरफटत, दाराची चौकट सोडून, भिंत सोडून, उघड्या अंगणातून ते आले. मी हात पुढे केला तो त्यांनी झिडकारला. जाऊबाईंच्या हातातून ब्रश ओढून घेतला आणि म्हणाले, "नाही. हात... नाही लावायचा."

जाऊबाई वाकल्या तशाच राहिल्या. भाऊजींनी ब्रश कुंपणापलीकडे भिरकावला आणि धापा टाकत काठावर बसले. मी रडले, मोठ्याने, मला भांडी लागत नाहीत.

आता झालं असं की दुसऱ्या दिवशी जाऊबाई पुन्हा ब्रश घेऊन तळ्याकडे. भाऊजी पुन्हा उठले. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज नवरा धडपडत येतोय, लाल होतोय, ब्रश हिसकावतोय, आणि ही बाई सुधारायला तयार नाही! शेवटी मी कुंपणापलीकडून त्या सकाळी भिरकावलेला ब्रश उचलून आणला आणि त्यांना स्वयंपाकघरात गाठलं.

"ताई, एवढं होऊनही तुम्हाला अक्कल येत नाही? मासे मारायचेत का नवऱ्याला?"

बोलता बोलता माझं ब्रशकडे लक्ष गेलं. कोरडा ठणठणीत. एकही केस वाकलेला नाही. मुठीवरचा दुकानाचा कागदसुद्धा तसाच.

जाऊबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि दारामागच्या खिळ्याला लावला. "कुठे बोलू नकोस," म्हणाल्या, आणि ओटा पुसायला लागल्या.

मागे एकदा त्यांना ताप भरला. सकाळ झाली, उन्हं अंगणात आली, भाऊजी दारात बसून वाट बघतायत आणि ब्रश काही येईना. मी हातातलं शिवण ठेवलं, दारामागून ब्रश घेतला आणि सरळ तळ्याच्या काठी जाऊन वाकले.

भाऊजी आले, पूर्वीपेक्षा कितीतरी झपाट्याने. जन्मभर लोकांना पुढे सरका म्हणणारा माणूस माझ्यावर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "धाकटे, मागे सरक!"

आतल्या खोलीतून भांडी आपटल्याचा आवाज आला.