न उतरलेला आकडा

फोन वडनेर भोलजीहून आला. शेताच्या धुऱ्यावर बसल्या बसल्या सर गेले, असं एक शेतकरी सांगत होता आणि मी वेड्यासारखी त्याला विचारत होते, की ते जेवले होते का. जेवले होते म्हणे… भाकरी आणि ठेचा, तिथंच बांधावर बसून. प्रभाकर, माझे यजमान, निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, तरी गावोगाव जाऊन लोकांना मातीचे नमुने काढून द्यायचे. जन्म सगळा बुलढाण्यात माती तपासण्यात गेला, तो नाद सुटणार कसा? तो फोन येऊन आज सात आठवडे झाले.

शेतकरी घरीही यायचे. बाहेरच्या खोलीत कागद उलगडून हे एकेका ओळीवर बोट ठेवत सांगायचे : हे कमी, हे बरोबर, हे लई जास्त. मग शेणखत किती, जिप्सम किती, आणि शेवटी ठरलेलं, सहा महिन्यांनी माती परत घेऊन या, आकडा उतरला का पाहू. आकड्यावर त्यांचा भारी विश्वास. माणसापेक्षाही जास्त, असं मी रागारागात म्हणायची. म्हणजे मनातच.

लग्नानंतर चार वर्षांत माझे दोन गर्भ पडले. डॉक्टरांनी रक्ताच्या पाच-सहा तपासण्या लिहून दिल्या. रिपोर्ट यांनी लॅबबाहेरच्या बाकावरच उघडला आणि सवयीनं बोट एकेका ओळीवरून खाली आणलं. ‘हर्पीस’ या शब्दापाशी ते थांबलं. पुढे पॉझिटिव्ह, आणि एक मोठा आकडा. डॉक्टर म्हणाले, हे जुनं आहे, गर्भ पडण्याशी याचा संबंध नाही, सोडून द्या. पण यांनी ऑफिसात कुणाला तरी विचारलं, आणि त्या शहाण्यानं सांगितलं की हा बाहेरख्याली लोकांचा आजार. त्या संध्याकाळी यांनी आपली गादी गुंडाळून बाहेरच्या खोलीत नेली. “तिथं वारा चांगला लागते,” म्हणाले. डिसेंबर होता. बुलढाण्याचा डिसेंबर!

माणूस वाईट नव्हता हो. आवाज चढवला नाही, घरच्यांना कळू दिलं नाही, सीताफळं आणायचे, माझं डोकं दुखलं की चहा करून द्यायचे. फक्त विचारलं नाही. मी वाट पाहत राहिले. भांडतील, ओरडतील, कोण होता म्हणतील, मग मी सांगेन, असं घोळवत कणीक मळायची. त्याऐवजी दर सहा महिन्यांनी मला पुन्हा रक्त द्यायला न्यायचे. शेतासारखं! दुसऱ्या वेळी आकडा थोडा वाढला, तर आठ दिवस नीट जेवले नाहीत.

तिसऱ्या वेळी रक्त काढणाऱ्या नसीमबाईंनीच विचारलं, हिला घडीघडी काऊन घेऊन येता? यांनी खरं ते सांगितलं, की आकडा उतरायची वाट पाहतो. त्या बाईनं सुई बाजूला ठेवली. “भाऊ, हा आकडा उतरत नसते. एकदा अंगात येऊन गेला का ही खूण राहते. लहानपणी मावशीनं मुका घेतला तरी येते. ओठावरचा का दुसरा, हेही या तपासणीत वेगळं होत नाही. कवा आला, कोणापासून आला, हे रक्त सांगत नाही.” मग म्हणाली, “तुमचं केलं का कधी?”

यांनी तिथल्या तिथं बाही वर केली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. त्यांचाही पॉझिटिव्ह. आकडा माझ्यापेक्षा मोठा.

खरं सांगते, मला आनंद झाला. घरी येईपर्यंत मी तो दाबून ठेवला आणि उंबऱ्यातच विचारलं, “तुमचा कोणापासून आला?”

“मले नाही माहीत,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

“मलेही नव्हतं माहीत,” मी म्हटलं.

त्यांनी कागदावर वरून खाली पुन्हा बोट फिरवलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना कळलं असावं, की काही कागद वाचून संपले तरी त्यातून काही निघत नाही. जेवणं झाल्यावर गादी काखेत घेऊन ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. माफी मागणं त्यांना येत नव्हतं, ती हीच माफी होती, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि मी काय म्हणावं? “राहू द्या. तिथं वारा चांगला लागते.”

ते परत गेले. पुन्हा कधी आले नाहीत. मीही बोलावलं नाही. वाटलं, एकदा त्यांनी तोंडानं विचारावं, मग बोलावीन. अशी बावीस वर्षं गेली… चांगलीच गेली म्हणायची, लोक आमचं उदाहरण द्यायचे. एकमेकांना कधी उलट बोललो नाही. बोलणंच किती होतं!

तेरावं झालं, पाहुणे गेले. अजून एखादा शेतकरी कागद घेऊन येतो, सर नाहीत म्हटलं की उभ्या उभ्या पाणी पिऊन जातो. परवा असाच एक जण गेल्यावर मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले आणि मोठ्यानं म्हटलं, “कोणी नव्हतं हो. तुमच्याआधीही नाही, नंतरही नाही.” बोलायला एवढासाच वेळ लागला. त्यांनी विचारलं नाही, हे मी बावीस वर्षं धरून बसले. पण न विचारता सांगायला मला कोणी अडवलं होतं?

आता रोज सांगते.