घागरीचं शून्य काम

वाईच्या आमच्या घरात आड होता, पण देवाला आणि प्यायला पाणी कृष्णेचंच लागे, तेही सोवळ्यातलं. परक्याचं सोवळं वडिलांना पटत नसे, म्हणून पाणक्या ठेवायचा नाही. घरच्या बाईनंच आणायचं. घरची बाई म्हणजे आई. कमरेवर घागर, हातात कळशी, घाटाच्या पायऱ्या चढून वर यायचं आणि मग लांबलचक बोळ.

धाकट्याच्या बाळंतपणापासून तिचं अंग बाहेर येत होतं. बायका हे तेव्हा एकमेकींच्या कानातच बोलत. मी इथे उघड लिहिते आहे, कारण गप्प बसूनच ते दुखणं वाढलं. वैद्यांनी जड उचलायचं नाही असं बजावलं होतं. बजावून ते घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आई घाटावर गेली.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळायची मारामार. म्हणून उजेड आहे तोवर काका ओसरीवर माझ्या थोरल्या भावाला मॅट्रिकचं शास्त्र शिकवत. काका बी.एस्सी. झालेले. रोज सकाळी घाटावर आंघोळीला जायचे आणि हात हलवत परत यायचे. एका संध्याकाळी आईनं धीर केला आणि दाराआडून वडिलांना विचारलं, की थोडे दिवस भाऊजी येताना पाणी आणतील का.

वडील काही बोलायच्या आत काका हसले. त्या दिवशीचा धडाच नेमका तो होता. त्यांनी भावाला विचारलं, बाई घागर घेऊन सपाट रस्त्यानं चालली तर कार्य किती? भाऊ पाठ केल्यासारखा म्हणाला, शून्य. घागर पेलणारं बल वरच्या दिशेला, चालणं आडवं. बलाच्या दिशेनं घागर सरकतच नाही.

"ऐकलंत ना, दादा?" काका वडिलांना म्हणाले. "शास्त्राप्रमाणे वहिनी काही कामच करत नाहीत."

पुस्तकात शब्द होता 'कार्य'. काकांनी त्याचं 'काम' करून टाकलं, आणि वडील खो खो हसले. त्या हसण्यातच आईच्या प्रश्नाचा निकाल लागला. मला त्या दोघांचा असा संताप आला, की तो आजही गेलेला नाही. न्यूटनसाहेबानं बिचाऱ्यानं आईचं काय वाकडं केलं होतं? गणित बरोबर होतं. लबाडी माणसांची होती.

मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. जेवताना मी विचारलं, घाटाच्या पायऱ्यांचं काय? तिथे तर घागर वर चढते. काकांनी ताकासाठी वाटी पुढे केली. मग म्हणाले, चढताना होतं थोडं कार्य, पण उतरताना ते परत मिळतं. रिकामी घागर घेऊन उतरताना आईला काय परत मिळत होतं, देव जाणे. वडील म्हणाले, मुलीच्या जातीनं एवढं तोंड चालवू नये. आई ताक वाढत राहिली.

पुढे भांडून मी सांगलीला कॉलेजात शास्त्रच घेतलं. तिथे प्राध्यापकांनी समजावलं, की ओझं नुसतं धरून ठेवलं तरी स्नायू आतल्या आत सारखे आखडत आणि सैल होत असतात. त्यात शरीराची शक्ती खरोखर खर्च होते, बाहेरून कार्य शून्य दिसलं तरी. सुट्टीत घरी येताच मी ते आईला सांगितलं. तोवर तिला नीट उभंही राहवत नव्हतं.

"मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "ओसरीवर जाऊन सांग."

मी गेले आणि सगळं सांगितलं. काकांनी वर्तमानपत्र खाली न करताच ऐकलं. म्हणाले, असेल, पण व्याख्येप्रमाणे घागरीवरचं कार्य शून्यच.

तेवढ्यात वहिनी पाणी घेऊन आली. भावाची नवी नवरी, अंगावरची हळदही अजून उतरली नव्हती. मी तिच्या कमरेवरची घागर काढून काकांच्या पायाशी ठेवली.

"शून्यच आहे ना, काका? मग उद्यापासून तुम्ही आणा."

काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. शेजारी बसलेल्या भावानं घागरीपासून पाय जवळ ओढून घेतले. वहिनीनं घाबरून आमच्या सगळ्यांकडे पाहिलं, वाकली, घागर पुन्हा कमरेवर घेतली आणि आत निघून गेली.