पंपात उरलेलं औषध

वडीगोद्रीपासून थोडं आत गेलं की आमचं सव्वा एकर. एवढ्याशा जमिनीवर काय करून जगावं, याचे सल्ले मात्र शंभर एकरांचे मिळाले. शेळ्या पाळल्या, त्या रोगाने गेल्या. मोसंबी लावली, ती ऐन फळावर येताना विहिरीने दगा दिला. मग तुती लावली, शेतातच शेड उभारलं आणि रेशमाच्या अळ्या आणल्या. नवऱ्याने तेव्हाच सांगून टाकलं, "ही बॅच निघाली तर इथंच राहू. न्हाई तर मंग जालन्याला चल. कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हून बसतो."

मला गेटवर बसलेला नवरा नको होता. भाड्याच्या खोलीत नळाच्या वेळा सांभाळत बसणं तर त्याहून नको होतं.

त्यामुळे अळ्यांचे जेवढे लाड केले, तेवढे पोटच्या लेकरांचेही केले नाहीत. शेडात जाताना हातपाय धुवायचे, अत्तर-पावडर लावायची नाही, तंबाखू तर बिलकुल नाही. लग्नापासून बोलून बोलून माझं तोंड दुखलं तरी जी तंबाखू सुटली नाही, ती नवऱ्याने अळ्यांसाठी मुकाट्याने सोडली. मला त्याचा रागच आला होता. शेवटची कात टाकल्यावर अळ्या पाल्यावर तुटून पडल्या. शेडभर नुसती कुरकुर चालायची आणि मी काम नसतानाही ती ऐकत उभी राहायचे. आता काही दिवसांतच त्या कोष विणायला घेणार होत्या.

बांधापलीकडे चुलत दिराची कपाशी. फवारणी असली की तो आधी सांगायचा आणि आम्ही बांधालगतच्या ओळींचा पाला कापायचो नाही. त्या दिवशीही त्याने सांगितलं होतं. पण आमच्याकडे एक रीत आहे. पंपात उरलेलं औषध कुणी बांधावर ओतत नाही, तिथे जनावरं चरतात. ते शेजाऱ्याच्या पिकावर मारून टाकायचं. तुती लावायच्या आधी आमची कपाशी होती, तेव्हा त्याने असं कितीदा तरी मारलं होतं आणि मी त्याला वर चहा पाजला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मधल्या ओळींचा पाला कापून अळ्यांना टाकला. दुपारी शेडात गेले तर कुरकुर बंद. अळ्या माना वर करून डोलत होत्या आणि त्यांच्या तोंडातून हिरवं पाणी गळत होतं. मी तशीच बांधावर धावले.

"काल पंपात उरल्तं वहिनी," दीर कौतुकाने म्हणाला. "तुमच्या मधल्या वळींवर पांढरी कीड दिसली, म्हून आत जाऊन मारलं."

"भाऊजी, तोच पाला टाकला आम्ही!"

"मला वाटलं, तुम्ही भाजीवानी धुऊन टाकता," तो म्हणाला.

मी त्याला नाही नाही ते बोलले. तो गाडी काढून गेला आणि कुणाच्या तरी मळ्यातून पाल्याचा भारा घेऊन आला. "जल्दी टाका वहिनी, ताजा हाय." खायला तोंड कुणाचं उरलं होतं? संध्याकाळी अळ्या पुरायला खड्डा त्यानेच खणला. नवऱ्याने शेवटचं टोपलं खड्ड्यात रिकामं केलं आणि शेडाला कडी घातली. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आता आम्ही जालन्यात असतो. नवरा गेटवर बसतो आणि तंबाखू पुन्हा सुरू झाली आहे. मी काही म्हणत नाही. शेत दिराला बटाईने दिलंय. त्याने कपाशीसाठी तुती उपटली, आमच्याच परवानगीने. परवा त्याचा फोन आला.

"वहिनी, एक वळ ठिवली बरं तुमच्यासाठी. औषधाचा थेंब पडू देत न्हाई तिच्यावर. लई पाला आलाय."

"कापून तुमच्या शेळ्यांना टाका, भाऊजी," मी म्हटलं.